नवतप्यातून हिमनद्यांकडे

२०२४ च्या मे महिन्याचा अखेरचा आठवडा होता; नवतपा लागून तीन दिवस झाले होते, पारा पंचेचाळीस अंशांखाली उतरायला तयार नव्हता, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दुपारी दोनदा भिजवूनही घटकाभरात करकरीत कोरड्या होत होत्या, आणि अशा भर दुपारी नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या घरी मी व माझी पत्नी पलंगावर लोकरी बनियन, कानटोप्या, हातमोजे आणि पाणी न शिरणारे दोन कोट पसरून त्यांची मोजदाद करीत बसलो होतो. निरोपासाठी आलेल्या शेजारच्या बाईंनी त्या पसाऱ्याकडे पाहून विचारले, “वहिनी, हे सगळं खरंच लागेल का हो?” लागले, सर्व लागले, आणि पेटीत जागा नाही म्हणून ज्या दोन वस्तू आम्ही ऐनवेळी बाहेर काढून ठेवल्या, म्हणजे बुटांचा दुसरा जोड आणि दुसरी दुर्बीण, त्या दोहोंची उणीव पुढे सतत जाणवली.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. कोणतेही प्रकरण हाती आले की आधी दस्तऐवज, मग स्थळपाहणी आणि अखेरीस निर्णय, हा क्रम तेथे अंगवळणी पडतो, आणि अलास्काच्या सात दिवसांच्या जलप्रवासाकडेही मी त्याच क्रमाने पाहिले, याचा मला आज संतोष आहे. हिमनदीसमोर उभे असताना मनुष्याच्या मनात हिमनदीच असावी, पासपोर्टाची, औषधाच्या डबीची किंवा भिजलेल्या मोज्यांची विवंचना नसावी, हेच माझ्या मते साऱ्या पूर्वतयारीचे प्रयोजन होय. आणि विदर्भातून मुलामुलींकडे अमेरिकेस जाणारी, साठी-सत्तरीच्या घरातली, आमच्यासारखी दांपत्ये आता घरोघरी दिसू लागली असल्यामुळे, जे आम्हांला विचारून, चुकून आणि अनुभवून कळले ते तपशीलवार लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आमची कन्या व जावई सिएटलनजीक रेडमंड येथे राहतात. संगणकाच्या व्यवसायामुळे त्या परिसरात मराठी कुटुंबांची चांगलीच वस्ती झालेली आहे, आणि उन्हाळ्यात आईवडील आले म्हणजे त्यांना अलास्काच्या जहाजावर नेऊन आणणे हा तेथल्या घरांतून जणू एक प्रघातच पडला आहे. अलास्का हा प्रदेश अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरांना विकत घेतला आणि १९५९ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट. परंतु जहाजाने जो भाग पाहावयाचा, तो या विस्तीर्ण राज्याचा आग्नेयेकडे लोंबणारा केवळ एक पट्टा आहे: एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला शेकडो बेटे आणि मधून वाहणाऱ्या सागरी गल्ल्या. राज्याची राजधानी जुनो हिला बाहेरून येणारी एकही सडक नाही. तेथे पोचावयाचे तर विमानाने अथवा पाण्यावरून. एकदा हे ध्यानात आले म्हणजे जहाज हा तेथे चैनीचा प्रकार न राहता त्या प्रदेशाचा स्वाभाविक रस्ता ठरतो, आणि ‘एवढ्या मोठ्या तरंगत्या हॉटेलात आपण काय करणार’ हा आमच्या पिढीच्या मनातला संकोचही नाहीसा होतो.

आता दस्तऐवजांकडे वळतो, कारण या प्रवासात मनुष्य अडतो तो समुद्रात नव्हे, धक्क्यावर. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजाला भारतीय पासपोर्टधारकाने अमेरिकेच्या व्हिसाखेरीज कॅनडाचाही व्हिसा घेतलेला असावा लागतो, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही मोठी जहाजे बहुधा बहामा, बर्म्युडा, पनामा अशा परकी निशाणांखाली नोंदलेली असतात, आणि १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यान्वये परकी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरात घेतलेले उतारू, मध्ये कोणत्याही परदेशी बंदराला न शिवता, पुन्हा अमेरिकेतच उतरविण्याची मुभा नाही. म्हणून परतीच्या वाटेवर कॅनडातील व्हिक्टोरिया या बंदरात काही तासांचा मुक्काम ठेवलेला असतो; आणि तो मुक्काम कितीही अल्प असला, आपण खाली उतरणार असू वा नसू, तरी कॅनडाच्या परवान्यावाचून सिएटलच्या धक्क्यावर जहाजाची शिडी चढू देत नाहीत. आम्ही ज्या मध्यस्थाकडे प्रथम चौकशी केली, त्याने ‘तुम्ही उतरूच नका, म्हणजे व्हिसाची गरज नाही’ असे छातीठोकपणे सांगितले होते. त्याच्या शब्दावर विसंबून आम्ही सहा आठवडे गमावले, आणि पुढे कन्येने जहाज कंपनीचे नियम वाचून दाखविल्यावर ऐन फेब्रुवारीत धावाधाव करून, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन, अखेर तो परवाना पदरात पाडून घेतला. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, तोंडी हमीवर विश्वास न ठेवता कंपनीचा लेखी नियम स्वतः वाचावा, कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज निदान चार महिने आधी करावा, अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना हे पाहून घ्यावे, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी शिल्लक असावी.

दुसरा दस्तऐवज विम्याचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी जबर असते, आणि प्रकृती गंभीर झाल्यास हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचा असतो. तेव्हा विमा घेताना समुद्रावरून उचलून नेण्याचा खर्च त्यात अंतर्भूत आहे काय, आणि आधीपासून असलेला रक्तदाब वा मधुमेह त्यातून वगळला तर नाही ना, हे दोन मुद्दे लेखी विचारून घ्यावेत.

ऋतूविषयी मतभेद आहेत, म्हणून मी केवळ माझे मत सांगतो. जहाजे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, डोंगरांवर बर्फही भरपूर. जुलै-ऑगस्टमध्ये हवा किंचित उबदार, सामन मासे ओढ्यांतून वर चढताना दिसतात, पण पाऊस व गर्दी दोन्ही वाढतात. आम्ही जूनच्या मध्यावर गेलो. त्या दिवसांत जुनोला सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहापर्यंत मावळत नाही. नागपूरच्या मनुष्याला, ज्याचा दिवेलागणीचा वेळ वर्षभर फारसा इकडेतिकडे सरकत नाही, त्या लांबलेल्या संध्याकाळीचे जे नवल वाटते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. मला पुन्हा जावयाचे झाल्यास मी जूनच निवडीन.

खोली निवडताना लोक सज्जा आहे की नाही याचाच विचार करतात. सज्जा सुखाचा खरा, पण ज्याला डोल सोसत नाही अशाने आधी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर खोली घ्यावी, कारण तराजूच्या दांडीचे टोक जितके हलते तितका तिचा मध्य हलत नाही. डावी बाजू की उजवी, या प्रश्नाला मात्र फारसा अर्थ नाही. जाताना जो किनारा एका बाजूस असतो तोच येताना दुसऱ्या बाजूस येतो.

सिएटलला निदान एक दिवस आधी पोचावे. नागपूरहून मुंबई वा दिल्ली, तेथून पुढे आणखी एखाद्या शहरी विमान बदलून सिएटल, अशा साखळीत एक कडी निसटली की जहाज आपल्यासाठी थांबत नाही. आम्ही तर तीन आठवडे आधीच कन्येकडे होतो, तरी तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली: सिएटलला जहाजांचे धक्के दोन, सहासष्ट आणि एक्क्याण्णव क्रमांकांचे, आणि त्यांच्यामध्ये काही मैलांचे अंतर. आपले जहाज कोणत्या धक्क्यावर लागणार हे तिकिटावर पाहून घ्यावे.

बांधाबांधीविषयी बोलावयाचे तर, पेट्या धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन होतात आणि खोलीच्या दाराशी येतात त्या कधी कधी संध्याकाळ उलटल्यावर. म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट, चष्मा आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत असावा. कपडे एकावर एक चढविता येतील असे घ्यावेत: अंगालगत लोकरीचे बनियन, त्यावर स्वेटर, आणि सर्वांवर पाणी न शिरणारा टोपीचा कोट. छत्री तेथल्या वाऱ्यात निरुपयोगी. नागपुरात आपण डिसेंबरच्या पहाटे जो एक जाड स्वेटर घालून निभावून नेतो, त्या एका वस्त्राने तेथे भागत नाही, कारण थंडीपेक्षा ओल अधिक बाधते. दुर्बीण सात किंवा आठ पट मोठे दाखविणारीच घ्यावी. त्याहून अधिक शक्तीची दुर्बीण हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. आणि ती माणशी एक असावी.

खाण्याच्या जिनसांबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहेत. घरी केलेला डबा बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटे चालतात, तेव्हा चिवडा आणि भाकरवडी न्यावयाची तर दुकानच्या मोहोरबंद पाकिटांतून न्यावी. जहाजावरील फळ वा अन्न हातात घेऊन किनाऱ्यावर उतरू नये, जकातीचे अधिकारी ते काढून घेतात. खोलीत चहा करण्यासाठी विजेची कॉइल किंवा किटली, तसेच इस्त्री नेण्यास सक्त मनाई असते, कारण समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचेही नाही. शाकाहारी असल्यास आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि पहिल्या रात्री भोजनगृहाच्या प्रमुखास भेटून पुन्हा सांगावे; तसे केल्यावर आम्हांला रोज दुसऱ्या दिवसाचा बेत आदल्या रात्री विचारून वरण, भात, एखादी भाजी आणि पोळी मिळत गेली. जहाजावर रोखीचा व्यवहार नसतो, सर्व खर्च खोलीच्या खाती मांडला जातो, आणि नोकरवर्गासाठी माणशी दररोज पंधरा ते वीस डॉलर आपोआप त्यात मिळविले जातात. ही रक्कम आरंभीच हिशेबात धरावी. फोन विमानप्रवासात ठेवतो तसाच ठेवावा, अन्यथा समुद्रावरचे जाळे पकडून तो भलतेच बिल करून ठेवतो.

जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक उतारूला संकटकाळी कोठे जमावयाचे ते दाखवून जीवरक्षक जाकीट कसे बांधावे हे शिकवितात. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली राष्ट्राराष्ट्रांत जो पहिला सागरी सुरक्षेचा करार झाला, त्याच परंपरेतली ही शिस्त आहे. काही मंडळी हा वेळ फुकट गेला असे मानून गप्पा मारीत उभी होती, ते पाहून मला वाईट वाटले. मला ‘रामदास’ बोट आठवत होती: १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि मुंबई डोळ्यांसमोर असूनही तिथे खबर पोचावयास कित्येक तास लागले. माझ्या लहानपणी आमच्या घरी कोकणातून आलेले वडिलांचे एक स्नेही ही हकीकत सांगताना अर्ध्यावरच थांबत. तलावांच्या काठी वाढलेल्या आम्हां नागपूरकरांचा समुद्राशी परिचय फुटाळ्याच्या लाटांइतकाच; म्हणून तर आपण ती कवाईत मन लावून ऐकावी.

पहिली रात्र उघड्या पॅसिफिकमध्ये गेली. सिएटलहून निघणारी जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे महासागराच्या बाजूने वर जातात, आणि तेथे डोल असतो. पत्नीला मळमळू लागले. आमच्या टेबलावर वाढणारा तरुण वेंगुर्ल्याचा निघाला. आमचे मराठी कानी पडताच त्याचा चेहरा उजळला होता. तो म्हणाला, “काकी, उपाशी पोटी पडून राहू नका. कोरडा ब्रेड खा, आलं चघळा आणि क्षितिजाकडे बघत बसा.” त्याचे आजोबा मुंबई-गोवा आगबोटीवर खलाशी होते, तो स्वतः नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी माणसे अशा जहाजांची स्वयंपाकघरे, भोजनगृहे आणि यंत्रशाळा चालवितात, आणि आपण त्यांच्याशी दोन शब्द बोललो तर घरच्या माणसाने विचारपूस केल्यासारखा त्यांना आनंद होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले. आम्ही नागपूरहून नेलेल्या आल्याच्या वड्या पाकीटबंद होत्या म्हणून वाचल्या, आणि त्या रात्री त्यांचाच आधार झाला. मळमळीची गोळी मात्र डोल सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळे एक तास मागे गेली. किनाऱ्यावर उतरताना हा तास फार जपावा: जहाजाची वेळ आणि गावाची वेळ दर वेळी एकच असेल असे नाही, आणि परतण्याची मुदत जहाजाच्या वेळेप्रमाणे मोजली जाते.

जुनोला उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता. गावापासून वीसेक किलोमीटरवरील मेंडेनहॉल हिमनदीला जाण्यासाठी बसची तिकिटे आधीच काढून ठेवावीत. धक्क्यावर ती मिळतीलच याचा भरवसा नाही. आणि एकाच दिवशी पाच मोठी जहाजे लागतात, तेव्हा हजारो माणसे एकाच रस्त्याला लागतात. २०२४ पासून जुनोने दिवसाला पाच मोठ्या जहाजांचीच मर्यादा घालून घेतली आहे, आणि तेथले रहदारीचे हाल पाहिल्यावर मला ती मर्यादा न्याय्य वाटली. मेंडेनहॉलचे प्रेक्षागृह १९६२ साली बांधले, तेव्हा हिमनदी त्याच्या पुष्कळ निकट होती. आज मध्ये विस्तीर्ण तळे पसरले आहे आणि बर्फ पलीकडच्या टोकाला मागे सरला आहे. त्या तळ्याच्या काठाने नगेट धबधब्यापर्यंत चालत जाता येते. तेथेच माझे बूट आतपर्यंत भिजले, आणि दुसरा जोड नसल्यामुळे ते ओले बूट मी पुढचा सबंध दिवस पायांत वागविले.

स्कॅगवेविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे मला माझेच तरुणपण भेटले. १८९६ साली कॅनडाच्या क्लोंडाइक खोऱ्यात सोने सापडले, आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसे या चिमुकल्या बंदरात उतरून डोंगर चढू लागली. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याखेरीज कॅनडाचे घोडेस्वार पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. म्हणजे माणशी सुमारे एक टन सामान, तेही पाठीवरून वा घोड्यावरून, फेऱ्या घालून वर चढवावयाचे. व्हाइट पासच्या त्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले, आणि तिला ‘मेलेल्या घोड्यांची वाट’ हेच नाव पडले. या क्लेशावर तोड म्हणून १८९८ साली आगगाडीचे काम सुरू झाले आणि दोन वर्षांत, १९०० च्या जुलैमध्ये, एकशेदहा मैलांचा लोहमार्ग पुरा झाला. तीन फूट रुंदीचा अरुंद मार्ग. समुद्रसपाटीपासून निघून वीस मैलांत २,८६५ फुटांवर चढणारा. कड्याला चिकटून, लाकडी पुलांवरून, बोगद्यांतून.

डबा हलला आणि मला उमरेडची आठवण झाली. इतवारीहून नागभीडला जाणारी आमची अडीच फुटी गाडी २०१९ पर्यंत चालत होती. नोकरीच्या आरंभी उमरेड, भिवापूरच्या दौऱ्यांवर मी तिच्यातून कितीदा गेलो, खिडकीतून हात बाहेर काढला तर पळसाच्या फांद्या लागत, आणि भिवापूरला मिरचीच्या पोत्यांचा खकाणा डब्यात भरून राही. ती गाडी बंद झाली, मार्ग रुंद करण्यासाठी रूळ उखडले गेले, आणि आता तिच्या जातीची इंजिने व डबे पाहावयाचे तर २००२ साली उघडलेल्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जावे लागते. व्हाइट पासची गाडीही १९८२ साली धंदा बुडून बंद पडली होती. परंतु तेथल्या लोकांनी ती १९८८ साली प्रवाशांसाठी पुन्हा सुरू केली, आणि आज स्कॅगवे गावाचा चरितार्थ बऱ्याच अंशी तिच्यावर चालतो. सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारे आपले अरुंद मार्ग असेच राखून ठेवता आले असते, हा विचार त्या चढणीवर माझी पाठ सोडीना, आणि तो आजही सोडीत नाही. प्रवाशांसाठी एवढेच सांगतो की, वर जाताना डाव्या हाताची जागा धरावी, दरीचे दृश्य त्या बाजूस असते. माथ्यावर पोचल्यावर सर्वांना बाजू बदलावयास सांगतात. डब्याबाहेरच्या उघड्या सज्ज्यावर उभे राहता येते, पण तेथे कानटोपी घट्ट असावी.

ग्लेशियर बेचा दिवस उजाडला तेव्हा मी पहाटे साडेपाचलाच पुढच्या डेकवर होतो. सर्वच जहाजांना या उपसागरात प्रवेश नसतो. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी मिळते, आणि इतर जहाजे एंडिकॉट आर्मसारख्या अन्य खाड्यांत जातात. त्याही सुंदरच आहेत असे ऐकतो. पण तिकीट काढताना आपल्या जहाजाच्या कार्यक्रमात कोणती हिमनदी आहे हे अवश्य पाहावे, आणि शक्य असेल तर थोडे अधिक पैसे पडले तरी ग्लेशियर बेचेच जहाज घ्यावे, असा माझा आग्रह राहील. उपसागराच्या मुखाशी राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी एका लहान नौकेतून येऊन दोराच्या शिडीने वर चढले, आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देत राहिले; त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या तुकडीतले लोक येथून गेले, तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच. मुखापासून थोड्याच अंतरावर बर्फाची भिंत उभी होती. १८७९ साली जॉन म्यूर आला, तोवर ती भिंत चाळीस मैलांहून अधिक मागे गेली होती; आज ती मुखापासून सुमारे पासष्ट मैलांवर आहे. म्हणजे आमचे जहाज दिवसभर ज्या पाण्यावरून चालले होते, ते सारे पाणी सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होते. आणि त्याहीपूर्वी, अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला तेव्हा, येथे वस्ती करून असलेल्या हूना क्लिंकिट लोकांना घरेदारे सोडून निघून जावे लागले होते. बर्फ हटल्यावर त्यांच्या भूमीचे संरक्षित उद्यान झाले. २०१६ साली त्यांनी आपले कुलगृह पुन्हा या उपसागराच्या काठी उभारले. महसुलाच्या दप्तरात विस्थापितांची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली. परंतु निसर्गाने उठविलेल्या आणि पावणेतीनशे वर्षांनी परतलेल्या वस्तीची नोंद प्रथमच ऐकली.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले. एकवीस मैल लांबीचा तो प्रवाह डोंगरातून खाली येऊन समुद्रात मैलभर रुंदीने उभा ठाकलेला. पाण्यावर त्याची उंची सुमारे अडीचशे फूट. बर्फ निळा दिसतो, कारण दाट दाबलेले हिम प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते व निळा परत पाठविते. जहाजाची यंत्रे मंद झाली, दोन हजारांवर माणसे असूनही डेकवर कोणी मोठ्याने बोलेना. मग भिंतीचा एक कडा हळूच सुटला, पांढरा धूर उठल्यासारखे झाले, आणि क्षणभराने, आषाढातल्या गडगडाटासारखा आवाज आमच्यापर्यंत आला. डोळ्यांनी आधी पाहिलेले कानांनी नंतर ऐकावयाचे, हा अनुभव छायाचित्रात मुळीच येत नाही. म्हणून पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा, असे मी कळकळीने सांगतो. जहाज जागच्या जागी सावकाश वळते, तेव्हा धावपळ करण्याचे कारण नाही, प्रत्येक बाजूला पाळी येते. आमच्यात दुर्बीण एक, त्यामुळे मी ती पत्नीच्या हाती दिली, आणि बर्फाच्या तरत्या लाद्यांवर पिलांसह पहुडलेले सील तिनेच मला सांगून दाखविले. गोमुखाची वाट अर्ध्यावर सोडून गुडघ्यांमुळे तिला भोजबाश्याहून परतावे लागले होते. त्याला वीस वर्षे झाली. हिमनदीचे मुख शेवटी तिला येथे दिसले. तिने हात जोडले, आणि आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

केचिकानला वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, नागपूरच्या तिपटीहून अधिक. तो आम्हांलाही मिळाला. तेथे लाल सीडर वृक्षाचे कोरीव स्तंभ आहेत, ज्यांना टोटेम म्हणतात. जुने, गळून पडण्याच्या बेतात आलेले स्तंभ एका संग्रहालयात जतन केले आहेत. प्रवासी त्यांना देवमूर्ती समजतात, पण ते पूजेसाठी नसतात. कुळाची चिन्हे, पूर्वजांची स्मृती, एखादी घडलेली हकीकत, अशी ती लाकडात कोरलेली वंशावळ असते. मला काटोल रस्त्यावरील जुनापाणीची शिळावर्तुळे आठवली. ती मांडणाऱ्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, मात्र आपले मृत आपल्या भूमीवर ओळखू यावेत ही इच्छा त्यांच्याही मनात होतीच. सामन मासे मोठ्या संख्येने पाहावयाचे तर जुलै-ऑगस्टच हवा. आम्हांला जूनमध्ये ओढ्यात एखाददुसराच दिसला.

व्हिक्टोरियाला जहाज संध्याकाळी लागले, दिव्यांनी उजळलेली संसदेची इमारत पाहून आम्ही परतलो. कोणी अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला नाही. तपासणी सिएटललाच झाली होती. धक्क्यावरून परतताना मी बरोबर असलेल्या जावयांना ‘कोमागाटा मारू’ची गोष्ट सांगितली: १९१४ च्या मे महिन्यात ३७६ हिंदी उतारू घेऊन याच किनाऱ्यावरील व्हँकुव्हर बंदरात आलेले ते जहाज दोन महिने पाण्यात उभे राहिले, मोजक्यांखेरीज कोणास उतरू दिले नाही, आणि जुलैत ते माघारी धाडण्यात आले. मूळच्या नागपूरच्याच असलेल्या त्या मुलाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. तो म्हणाला, “बाबा, मग आपल्या व्हिसाच्या त्या फेऱ्या काहीच नव्हत्या.”

शेवटच्या रात्री पेट्या बांधून खोलीबाहेर ठेवाव्या लागतात व त्या रातोरात उचलल्या जातात. सकाळचे कपडे, बूट आणि औषधे मात्र बाहेर काढून ठेवावीत.

जुलैत परतलो तेव्हा नागपुरात पाऊस लागला होता. लोकरीचे कपडे पत्नीने उन्हाची वाट पाहत महिनाभर बाहेरच ठेवले आणि मग कडुनिंबाचा पाला घालून पेटीत भरले. दुर्बीण मात्र त्या पेटीत नाही. शेजारच्या बाई व त्यांचे यजमान येत्या जुलैत मुलाकडे जाणार आहेत, कॅनडाचा व्हिसा त्यांना गेल्याच आठवड्यात मिळाला; ती त्यांच्या घरी आहे, आणि दुसरी सीताबर्डीतून घेऊन ठेवा असे मी त्यांना सांगितले आहे.